साक्षीची बाटली

बावीस बाटल्या मी बेसिनमध्ये ओतल्या. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, नळ मोठा सोडून. ही गोष्ट आजवर मी कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या त्या बाटल्या होत्या त्या बागूलसरांना तर नाहीच. सर गेले त्याला आता आठ महिने झाले. माणूस गेल्यावर कबुली देणं सोपं जातं, हे मला कळतं. सोपं झालं तेव्हाच लिहायला बसलो, हेही इथंच लिहून टाकतो. वाचणाऱ्याने माझ्याविषयी उगाच बरं मत करून घ्यायला नको.

पण सांगायचं आहे ते सरांविषयी. मी त्यात लागेल तेवढाच येईन.

डॉ. मधुकर बागूल जळगावच्या आमच्या माती-पाणी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. मी त्यांच्या हाताखाली हंगामी सहायक म्हणून लागलो तेव्हा माझं वय सत्तावीस, त्यांचं शेहेचाळीस. पहिल्या दिवशी मी अंगावर नवा पांढरा कोट चढवून उभा. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पायात बूट.

"चौधरी भो, हे बूट कोणाला दाखवायला आणलेत?"

"सर, प्रयोगशाळा आहे म्हणून..."

"प्रयोगशाळा चोपड्यापासून धुळ्यापर्यंत पसरलीय. इथं फक्त बेसिन आहे. उद्या चपला घालून या."

स्वतः ते कायम चपलांवर. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन शिसपेन्सिली. पेन त्यांच्याजवळ नसायचंच. हजेरीपटावर सही करायलासुद्धा ते माझं पेन मागून घेत, आणि सही झाली की टोपण लावून परत देत. पेन्सिलीचं कारण साधं होतं. शेतावर हात ओले असतात, कागद भिजतो, शाई पसरते. "शिसं काही होऊ देत नाही," म्हणायचे. "फार तर कोणी खोडेल. पण खोडलेलं दिसतं."

पाण्याचा नमुना हातात आला की आधी वास. मग बाटली उजेडाकडे धरून बघणं. मग थोडा वेळ काहीच नाही. त्या काहीच-नाहीच्या वेळात त्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवर चालत असायचा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मला वाटलं जप करतात. एकदा धीर करून विचारलं.

"जप नाही रे. मात्रा मोजतोय."

तेव्हा कळलं की सर कविता करतात. त्याही अहिराणीत. ऑफिसात ते तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलत, सरकारला इंग्रजीत लिहीत, आणि विहिरीच्या काठावर गेले की अहिराणीत शिरत. तिथून त्यांना बाहेर काढणं अवघड. मी जामनेरकडचा, आमची बोली निराळी. मला सगळं कळायचं, पण माझ्या तोंडात ती बसायची नाही. सर माझी नक्कल करून दाखवत आणि पोटभर हसत.

कवी म्हणून ते आसपासच्या तालुक्यांत माहीत होते, पण संमेलनवाले त्यांना बोलावताना जरा विचार करत. त्याला कारण पाचोऱ्याचं कविसंमेलन. एका हौशी कवीने गावाकडच्या आठवणींची कविता म्हटली, त्यात 'अमृतासारखं पाणी' असं दोनदा आलं. टाळ्या झाल्या. सर व्यासपीठावरच होते. शांतपणे पुढे वाकून त्यांनी विचारलं, "कुठल्या विहिरीचं म्हणालात?"

कवी गोंधळला. "म्हणजे... आमच्या मळ्यातल्या."

"तपासलंय का?"

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. त्यांना ते खरंच हवं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्या कवीला गाठलं, गावाचं नाव लिहून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही त्या मळ्यात बाटल्या घेऊन हजर. पाणी चांगलं निघालं. सरांनी त्या कवीला पोस्टकार्ड टाकलं: 'आपल्या कवितेतले विधान बरोबर आहे.'

असे ते होते. त्यांच्या लेखी कवितेतलं विधान आणि अहवालातलं विधान यांत फरक नव्हता. दोन्हीकडे चुकलं तर चूकच. आपल्या कवितांविषयी कोणी फार कौतुकाने बोललं तर म्हणायचे, "ओळी माझ्या नाहीत हो. लोक बोलतात, मी नमुना घेतो."

आता बाटल्यांचं सांगतो.

धुळ्याच्या अलीकडे एका नाल्याकाठी रंगाचा कारखाना होता. आता नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला एक गाव. त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरापोरींची लग्नं अजून व्हायची आहेत. हे मी गमतीने म्हणत नाही. त्या गावाने पाण्याची तक्रार वर्षानुवर्षं दाबली ती याच भीतीने. 'गावना पानीले नाव पडनं तं आमना पोरेसले पोरी कोन दी?' हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तरी सरांनी बावीस विहिरवाल्यांना तयार केलं. त्यात पहिली कासाअक्का. नवरा शेतात, ही घरचं सगळं बघणारी, आवाज असा की नाल्यापलीकडून ऐकू यावा. तिच्या विहिरीवर आम्ही पहिला नमुना घेतला.

सरांची पद्धत अशी की प्रत्येक विहिरीच्या दोन बाटल्या भरायच्या. दोन्हींत दोन-दोन थेंब आम्ल टाकायचं, म्हणजे पाण्यातलं जे आहे ते तसंच राहतं. एक बाटली तपासणीला. दुसरीचं बूच घट्ट लावून वर लाख ओतायची, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, चिठ्ठीवर तारीख, मालकाचं नाव, आणि मालकाची सही किंवा अंगठा. ती बाटली न उघडता कपाटात. हिला ते साक्षीची बाटली म्हणत. असा नियम तेव्हा आमच्या खात्यात नव्हता. सरकारी नोंदवहीत दुसऱ्या बाटलीसाठी रकानाच नव्हता. ही सरांची स्वतःची रीत. नोंद नव्हती, हे आमच्या दोघांनाही माहीत होतं. त्यात काही धोका आहे, असं सरांना कधी वाटलं नाही.

"दोन कसाले रे भो?" अक्काने विचारलं.

"अक्का, हाई सरकारनी, आन् हाई साक्षीनी."

"साक्षी कोन शे?"

"तूच शे ना."

"मंग माले कोर्टमा लई जाशी का?"

"बाटली जाई. तू घर बशी ऱ्हाय."

अक्का खो खो हसली. मी शाईची डबी उघडून पुढे धरली. तिने अंगठा टेकवला, चिठ्ठीवर उठवला, आणि उरलेली शाई विहिरीच्या दगडाला पुसली. मग आत वाकून बघत, कोणालाही उद्देशून नाही अशी, म्हणाली, "हीर तीच शे, दोर तोच शे, मंग पानी कोनं शे?"

विहीर तीच, दोर तोच, मग पाणी कोणाचं? सरांचा अंगठा पेरांवर चालायला लागला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि अंगठ्याच्या खाली, चिठ्ठीवरच, ती ओळ लिहून टाकली.

त्या दिवसापासून तो पायंडाच पडला. प्रत्येक विहिरीवर मालक काहीतरी बोलायचा. कोणी शिवी द्यायचा, कोणी गंमत करायचा. त्यातली एक ओळ सर चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे. एका म्हाताऱ्याच्या चिठ्ठीवर होतं: 'आठे ढोरं वास लेतस, मंग तोंड फिरावतस.' इथं गुरंसुद्धा आधी वास घेतात, मग तोंड फिरवतात. बावीस विहिरी, बावीस चिठ्ठ्या. साक्षीच्या बाटल्यांचं कपाट माझ्या ताब्यात होतं, किल्ली माझ्या कडदोऱ्याला. सर म्हणायचे, "चौधरी, माझ्या कविता कुलपात ठेवणारा जगात तू एकटाच."

तपासणीत जे निघालं ते वाईट होतं. क्रोमियम, आणि थोडंथोडकं नाही. सरांनी अहवाल लिहिला. आमच्या साहेबांनी तो परत पाठवला, 'भाषा सौम्य करावी' म्हणून. सरांनी एक शब्द बदलला नाही. पुन्हा परत आला. पुन्हा तसाच गेला.

त्याच सुमारास मुंबईहून एक मोठे अधिकारी भेटीला येणार होते. साहेबांनी सरांना बोलावून घेतलं. "बागूल, तुम्ही कवी. स्वागतगीत लिहा. अहिराणीत लिहा, पाहुण्यांना आपल्या मातीचा सुगंध येऊ द्या."

सरांनी लिहिलं, चालही लावली. कार्यक्रमात स्वतःच म्हटलं:

'साहेब उनात, बरं व्हयनं, मन्हा घर बी या,
एक तांब्या मन्ही हीरना, पेवाले तं ल्या.'

पुढच्या प्रत्येक कडव्यात एकेका विहिरवाल्याचं नाव आणि तेच आमंत्रण: साहेब आलात, बरं झालं, माझ्याही घरी या, माझ्या विहिरीचं तांब्याभर पाणी तरी घ्या. बावीस कडवी. पाहुणे ताल धरून डोलत होते. त्यांना अहिराणी कळत नव्हती. शेवटी उठून त्यांनी सरांशी हात मिळवला, गीताची प्रत मागून घेतली. आमचे साहेब पारोळ्याकडचे. त्यांना पहिल्या कडव्यातच सगळं समजलं होतं. ते हसत होते, पण त्यांच्या हातातला नारळ मघापासून ज्या हाती होता त्याच हाती राहिला, पाहुण्यांना द्यायचा विसरून गेले.

मी मागे उभा होतो. मला सरांचा अभिमान वाटला आणि लगेच स्वतःची काळजीही. माझी कायम होण्याची फाईल साहेबांच्याच टेबलावर होती.

मग सरांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. गावच्या ग्रामसभेत उभं राहून त्यांनी प्रत्येक विहिरीचा आकडा मालकाच्या नावासकट वाचून दाखवला, आणि अहवालाची प्रत साहेबांना डावलून थेट वर पाठवली. पंधरा दिवसांत निलंबन. आरोप असा की आकडे बनावट आहेत. कार्यालयाने पाऊस होऊन गेल्यावर पुन्हा नमुने घेतले, त्यात काहीच सापडलं नाही. चौकशी समिती नेमली.

सर घाबरले नाहीत. नोटिशीला त्यांनी चार ओळींचं उत्तर दिलं: प्रत्येक विहिरीची सीलबंद दुसरी बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, कोणत्याही त्रयस्थ ठिकाणी तपासून घ्यावी. प्रयोगशाळेत यायला त्यांना मनाई होती. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर ते मला भेटले. "कपाट तुझ्याकडं आहे ना? मग झालं," म्हणाले आणि दुसऱ्या कशाविषयी तरी बोलायला लागले.

उत्तर पोचलं मंगळवारी. बुधवारी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. आवाज नेहमीचाच. बसायलाही सांगितलं.

"चौधरी, बाटल्या कमी पडताहेत म्हणे."

"नाही साहेब, आहेत..."

"कमी पडताहेत. जुन्या पडून आहेत त्या धुऊन घ्या. आजच." मग एक कागद चाळत, माझ्याकडे न बघता: "तुमचं कायम होण्याचं प्रकरण मी या महिन्यात वर पाठवतोय. काही अडचण नाही ना?"

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. मला धमकी हवी होती, म्हणजे पुढे सांगायला काही राहिलं असतं. मी "नाही साहेब" म्हणालो आणि उठलो.

सगळे डबे खायला बसले होते. मी कपाट उघडलं. लाख फोडली, दोरे कापले, एकेक बाटली उपडी केली. आम्लाचा वास आला. ओतताना पाणी अगदी पाण्यासारखंच दिसत होतं, हे मला आठवतं. नंतर ब्रशने बाटल्या घासल्या, तीनदा विसळल्या, पालथ्या घातल्या. नीट केलं ते काम. सरांनीच शिकवलं होतं.

चिठ्ठ्या मात्र टाकवल्या नाहीत. त्या खिशात घातल्या आणि घरी शाळेतली जुनी कंपासपेटी होती तिच्यात ठेवल्या. का ठेवल्या? त्यांच्यावर सरांचं अक्षर होतं म्हणून. एवढाच माझा चांगुलपणा, आणि तोही चोरीसारखाच.

समितीपुढे गावातले चारजण आले. बाकीचे आले नाहीत. अक्का आली, नवं लुगडं नेसून. समितीतल्या एकाने विचारलं, "बाई, तुमच्याकडून किती बाटल्या नेल्या?"

"दोन. एकवर मन्हा आंगठा शे."

"पाण्याच्या बाटलीवर अंगठा कशाला?" ते हसले. बाकीचेही हसले. मग माझ्याकडे वळून: "तुम्ही सहायक. अशा दुसऱ्या बाटल्या होत्या का?"

सर समोर बसले होते. उजवा हात मांडीवर. अंगठा चालत नव्हता.

मी म्हणालो, "माझ्या पाहण्यात नाहीत, साहेब."

कचेरीत रोज वापरतात ते वाक्य. होत्या म्हणत नाही, नव्हत्या म्हणत नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि समोरच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात अक्काने मला अडवलं. रागाने नाही. तिला खरंच कोडं पडलं होतं. "भाऊ, शाईनी डबी तुनाच हातमा व्हती ना?"

मी म्हणालो, "अक्का, तुमची बस चुकेल."

आरोप सिद्ध झाला. नोकरी जायच्या आधी सरांनी राजीनामा दिला. शिक्षणाच्या दिवसांतला एक मित्र कॅनडात होता, त्याने तिथल्या एका लहान गावात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. शास्त्रज्ञाची नाही, तंत्रज्ञाची. सर बायको आणि मुलगी वैशालीला घेऊन गेले. जळगाव स्टेशनवर निरोपाला बरेच जण होते असं ऐकलं. मी जामनेरला गेलो होतो. काम काही नव्हतं. माझा कायमचा हुकूम तीन महिन्यांनी आला.

गावाला नळाचं पाणी यायला पुढे सात वर्षं गेली. तोवर ते त्याच विहिरींचं पाणी प्याले. त्या वर्षांत तिथं कोणाला काय काय झालं, ते पाण्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं, ते त्या बाटल्यांत होतं.

सरांची पत्रं यायची. वर्षातून दोन-तीन, पेन्सिलीने लिहिलेली. मला वाटायचं, आता विचारतील. कधी विचारलं नाही. तिथल्या हवेचं लिहीत, वैशालीच्या शाळेचं लिहीत. एकदा लिहिलं होतं: 'इथेही विहिरी आहेत. पण विहिरीवर कोणी नसतं. लोक बाटली भरून दारात ठेवतात आणि कामाला जातात. आम्ही उचलून आणतो. पाणी मिळतं, पण बोलणं मिळत नाही. मग मी लिहू काय?' तिकडे गेल्यावर त्यांनी नवी कविता केली नाही. जी काही होती ती इथलीच.

दहा-बारा वर्षांनी एक पत्र आलं. विहिरींच्या ओळींचं पुस्तक करतो आहे, म्हणाले, नाव 'बावीस हिरी'. 'आठवून आठवून सतरा लिहून काढल्या. पाच काही केल्या आठवत नाहीत. कासाअक्काची तर ओठांवर आहे आणि येत नाही. तुझ्या लक्षात आहेत का रे?'

चिठ्ठ्यांची पेटी माझ्या कपाटात, हाताच्या अंतरावर होती. ओळी पाठवायच्या तर त्या कुठून आल्या ते सांगावं लागलं असतं. मी चार दिवस थांबलो आणि लिहिलं: 'नाही सर. फार वर्षं झाली.'

पुस्तक छापून आलं. धुळ्याच्या एका छोट्या छापखान्यात छापलेलं, पातळ. प्रत्येक पानावर एक विहीर, मालकाचं नाव, आणि एक ओळ. पाच पानांवर नुसतं नाव. खाली कोरं. प्रस्तावनेत सरांनी एवढंच लिहिलं आहे: 'न मिळालेले नमुने कोरे सोडले आहेत. अंदाजाने भरलेले नाहीत.'

ते पुस्तक मी खुर्चीत बसून सलग वाचू शकलेलो नाही.

सहा वर्षांपूर्वी सर एकदा आले. धुळ्याला बहिणीच्या नातीचं लग्न होतं. फोन आला. "चौधरी, उद्या मोकळा आहेस? गाडी आहे म्हणे तुझ्याकडं. जरा विहिरीवर जाऊन येऊ."

मी धुळ्याला गेलो. सर दारातच उभे. केस पूर्ण पांढरे, अंगात जाड स्वेटर, जळगाव-धुळ्याच्या माणसाला वेडेपणा वाटावा असा. पायात चपला. माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "साहेब झालास."

झालो होतो. आता प्रयोगशाळेत नवी मुलं येतात त्यांना दोन बाटल्या घ्यायला मीच शिकवतो. आता तसा रकाना आहे. ही पद्धत कोणाची, ते मी त्यांना सांगत नाही. सरांनाही गाडीत मी हे सांगितलं नाही. ते खिडकीतून कापसाची शेतं बघत होते आणि एकेका गावाचं नाव आपल्याशीच म्हणत होते.

कासाअक्का ओट्यावर बसली होती. दिसायला कमी, पण आवाज होता तोच. सरांना ओळखलं, आणि हात धरून बसवलं. मला म्हणाली, "तू तो डबीवाला ना?"

"हो अक्का."

"बस." चहा आला. "जारनं पानी शे," ती म्हणाली, "डरू नका. हीर कई बंद शे."

विहीर कधीचीच बंद, आत बाभळीच्या फांद्या टाकून ठेवलेल्या. कठड्यातून पिंपळाचं रोप निघालेलं. सरांनी पिशवीतून दोर काढला, दोन बाटल्या काढल्या. धुळ्याच्या बाजारात घेतलेल्या, नव्या. फांद्या मी बाजूला केल्या, दोर मी सोडला. पाणी वर आलं. सरांनी वास घेतला, उजेडाकडे धरलं. दोन्ही बाटल्या भरल्या. दुसरीच्या बुचावर मेणबत्तीचं मेण ठिबकवलं, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, पेन्सिलीने तारीख आणि नाव घातलं.

"अंगठा हवा अक्का. पण शाई नाही आणली."

"तुम्हले काय, बठ्ठं मीच देवानं," अक्का म्हणाली. सगळं तिनेच द्यायचं. आत गेली, तव्याच्या बुडाला अंगठा घासून आली, आणि काळा अंगठा चिठ्ठीवर उठवला. "आते तरी ठेवशात ना नीट?"

ती सरांना विचारत होती की मला, ते कळलं नाही. सरांनी ती दुसरी बाटली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुझ्याकडं राहू दे."

"सर, मी..."

"तूच ठेवायचास ना." मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत, आवाज जराही न बदलता: "नीट पाहून घे."

एवढंच. मला वाटलं आता बोलावं. त्यांनीच दार उघडून दिलं होतं, अक्का समोर होती, बाटली हातात होती. माझ्या तोंडून निघालं, "सर, ऊन झालंय, निघू या का?" ते "चल" म्हणाले.

मुंबईची गाडी धुळ्याच्या स्टँडवरून होती. बहिणीकडची माणसं सामान चढवत होती. मी खाली उभा राहिलो. सर खिडकीपाशी बसले, काच सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही. मग तसेच मागे टेकून बसले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात खिडकीच्या कडेवर होता आणि अंगठा पेरांवर चालत होता, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. सरांना मी पाहिलं ते तेवढं शेवटचं.

घरी येऊन मी ती चिठ्ठी उजेडात धरली. तारीख, अक्काचं नाव, काजळीचा अंगठा. खाली ओळ नव्हती. जागा सोडलेली होती.

वैशालीने गेल्या महिन्यात कळवलं की 'बावीस हिरी' पुन्हा छापायचं म्हणते, आणि बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणाला त्या पाच ओळी आठवत असतील तर बरं होईल. पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. अक्काची ओळ मी वर लिहून टाकली आहे, चार पेटीत आहेत. बावीसही चिठ्ठ्या आहेत, तारखांसकट, सह्या-अंगठ्यांसकट.

त्या चिठ्ठ्या वैशालीला देणं मी लागतो. 'बाटल्या होत्या, आणि त्या मी ओतल्या' हे वाक्य कार्यालयाला सही करून देणं लागतो, बनावट आकड्यांचा आरोप सरांच्या नावावरून निघेल इतक्या स्पष्ट शब्दांत. पण त्याच्याही आधी ते अक्काच्या ओट्यावर बसून, तिच्याकडे बघून म्हणायचं आहे. ती अजून आहे. तिचं गाव माझ्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.